एसई कॉम्पला (सेकंड इयर कॉम्प्युटर इंजिनीअरिंग) आलात? आधी वही-पेन घ्या, लॅपटॉपचं नंतर बघू

दरवर्षी कॅप राउंड (इंजिनीअरिंग प्रवेशाच्या फेऱ्या) संपले की गावाकडनं कुणाचा ना कुणाचा मेसेज येतोच. दादा लॅपटॉप कोणता घेऊ, दादा डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलोय डीएस (डेटा स्ट्रक्चर) झेपेल का, दादा जावा शिकू की पायथन. प्रत्येकाला वेगळं टाईप करत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकतो, म्हणजे पुढच्या वेळी नुसतं हेच पाठवता येईल.

मी पुणे विद्यापीठाचा, २०१९ पॅटर्नचा (म्हणजे त्या वर्षीच्या सिलॅबसचा), त्यामुळे उदाहरणं तिथलीच देणार. मुंबई, शिवाजी, लोणेरे, नाहीतर एखादं ऑटोनॉमस कॉलेज असेल तर विषयांची नावं आणि सेमिस्टर इकडंतिकडं होतील, आत्ता नवा २०२४ चा पॅटर्न आलाय त्यातही थोडी उलथापालथ आहेच, पण माल तोच आहे. लिंक्ड लिस्ट काय पॅटर्न बघून बदलत नाही.

फर्स्ट इयरबद्दल काही लिहीत नाही. मेकॅनिक्स, ग्राफिक्सच्या शीट, केमिस्ट्री, एम-वन एम-टू (गणित), हे सगळ्या ब्रँचला सारखंच आणि त्यात कॉम्प्युटरचं म्हणावं असं एक पीपीएस (प्रोग्रामिंग अँड प्रॉब्लेम सॉल्व्हिंग), तेही पायथनमधलं. खरी ब्रँच सुरू होते ती एसईला, आणि तिथंच बरेच जण गडबडतात.

पायरी १: सिलॅबसची पीडीएफ काढा आणि खरंच वाचा

हसू नका. माझ्या वर्गातल्या निम्म्या लोकांनी ती पीडीएफ पहिल्यांदा उघडली ती पीएलमध्ये (परीक्षेआधीच्या अभ्यासाच्या सुट्टीत). विद्यापीठाच्या साईटवर मिळते. त्यात प्रत्येक विषयाचे युनिट असतात ते ठीक, पण आपल्या कामाचं पान म्हणजे लॅबचं. तिथं असाइनमेंटची आख्खी यादी असते, ग्रुप ए, ग्रुप बी, ग्रुप सी अशी, आणि प्रत्येक ग्रुपमधले किती करायचे तेही दिलेलं असतं. म्हणजे प्रॅक्टिकलला काय येणार हे तुम्हाला पहिल्याच दिवशी माहीत असू शकतं. पेपर आधीच हातात दिल्यासारखं आहे आणि तरी लोक एक्स्टर्नलसमोर (बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर) घाम पुसत उभे असतात. (मीही होतो, ते पुढं सांगतो.)

त्या पानाची झेरॉक्स काढा, जर्नलच्या पहिल्या पानाला चिकटवा, सर किंवा मॅडम कोणते असाइनमेंट घेणार आहेत त्याला पेनाने गोल करा. झालं.

पायरी २: मशिन तयार करा, पण त्यात महिना घालवू नका

लॅपटॉपचं उत्तर एका वाक्यात: ८ जीबी रॅम, एसएसडी, कीबोर्ड बरा असावा, बस. जमत असेल तर १६ जीबी घ्या, पण घरच्यांना महागड्या ग्राफिक्स कार्डासाठी कर्ज काढायला लावू नका. एसईचा एकही असाइनमेंट असा नाही की ज्याला ते लागेल. लॅपटॉप नसेल तरी पहिलं सेमिस्टर लॅबच्या पीसीवर निघतं, लॅब असिस्टंटशी नीट बोला, मोकळ्या वेळात बसू देतात.

लिनक्स टाकून घ्या. उबंटू चालेल, ड्युअल बूटची भीती वाटत असेल तर विंडोजमध्येच डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स) टाका. लॅबला बहुतेक लिनक्सच असतं, घरी सवय नसेल तर प्रॅक्टिकलच्या दिवशी टर्मिनल बघून हात गार पडतात.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो, टर्बो सी वापरू नका. अजूनही काही जण क्लासमध्ये त्या निळ्या स्क्रीनवर सी शिकून येतात, व्हॉइड मेन, क्लिअर स्क्रीन, गेटसीएच. ते बोरलँडचं सॉफ्टवेअर १९८७ मधलं, डॉसच्या काळातलं. त्यात पूर्णांकाला दोनच बाइट मिळतात, म्हणजे ३२७६७ च्या पुढं गेलं की आकडा उलटा फिरून मायनसमध्ये जातो. तुमच्या जीसीसीमध्ये (लिनक्सवरचा सी कंपायलर) चार बाइट, म्हणजे साधारण २१४ कोटीपर्यंत.

हे नुसतं वाचून सोडू नका, करून बघा. फॅक्टोरियलचा प्रोग्राम लिहा, साध्या इंट मध्ये. १२ चं फॅक्टोरियल ४७९००१६०० बरोबर येईल. १३ चं खरं उत्तर ६२२७०२०८०० आहे पण स्क्रीनवर १९३२०५३५०४ येईल. एरर नाही, वॉर्निंग नाही, बिनधास्त चुकीचं उत्तर. टर्बोमध्ये हाच घोळ ८ लाच होतो, ४०३२० ऐवजी -२५२१६ दिसतं. आता ६२२७०२०८०० मधून दोनचा बत्तिसावा घात, म्हणजे ४२९४९६७२९६, वजा करा वहीत. जुळलं ना? इथं पहिल्यांदा कळतं की आतमध्ये 'संख्या' असं काही नसतं, ठराविक मापाचा डबा असतो आणि जास्त झालं की वरचं सांडतं. ही डब्याची गोष्ट डोक्यात ठेवा, पुढची तीन वर्षं हीच कामाला येणार आहे.

पायरी ३: मेमरीचे डबे काढायला शिका

लेखातली मुख्य पायरी हीच. बाकीच्या वेळ नसेल तर गाळा.

आधी माझी फजिती ऐका. एसईच्या पहिल्या सेमला लिंक्ड लिस्टचा (प्रत्येकाकडं पुढच्याचा पत्ता असलेली यादी) तो क्लबवाला असाइनमेंट असतो, पुण्याच्या पोरांना लगेच कळेल, पिनॅकल क्लब. पहिला नोड (यादीतला एक डबा) प्रेसिडेंट, शेवटचा सेक्रेटरी, मधले सगळे मेंबर, कुणाला ॲड करायचं, कुणाला काढायचं, मोजायचे, दोन डिव्हिजनच्या याद्या जोडायच्या. मी तो एका सीनियरच्या पेनड्राइव्हमधून घेतला, व्हेरिएबलची नावं बदलली, रन झाला, आउटपुटचा स्क्रीनशॉट जर्नलला लावला, सही पण मिळाली. ओरलला एक्स्टर्नल सर शांतपणे म्हणाले, प्रेसिडेंटला काढून दाखव. मी काढलं. आणि डिस्प्ले दाबलं तर स्क्रीनवर कसलीतरी चिन्हं आणि खाली सेगमेंटेशन फॉल्ट (नको त्या मेमरीला हात लावला म्हणून प्रोग्राम बंद). सर म्हणाले, का झालं? मी म्हणालो, सर मघाशी चालत होतं. ते हसले, आणि काही न बोलता मार्क लिहिले. किती ते विचारू नका.

त्या रात्री रूमवर एका मित्राने, जो डिप्लोमाहून आलेला होता आणि ज्याला आम्ही 'याचं इंग्लिश कच्चं' म्हणून हसायचो, मला वहीत डबे काढून दाखवले आणि वीस मिनिटांत जे कळलं ते आख्ख्या सेममध्ये कळलं नव्हतं. तेच इथं देतो.

वही आडवी धरा. तीन चौकोन काढा, प्रत्येकाचे दोन भाग, डावीकडं नाव, उजवीकडं 'पुढच्याचा पत्ता'. चौकोनाच्या वर पत्ता लिहा, मनाने कोणताही. समजा १०० वर प्रेसिडेंट, ५०० वर एक मेंबर, ३०० वर सेक्रेटरी. पत्ते मुद्दाम उलटसुलट घ्या, कारण खऱ्या मेमरीतही ते ओळीने असतीलच असं नाही, आणि एकदा ओळीने घेतले की डोकं त्याला ॲरे (ओळीने लागून ठेवलेले डबे) समजायला लागतं. आता १०० च्या उजव्या कप्प्यात ५००, ५०० च्या कप्प्यात ३००, ३०० च्या कप्प्यात नल (म्हणजे पुढं कोणी नाही). आणि बाजूला एक छोटा डबा, हेड, त्यात १००. बाण काढू नका. परत सांगतो, बाण काढू नका, आकडेच लिहा. पुस्तकात बाण असतात म्हणून पॉइंटर म्हणजे काहीतरी जादूचा दोरा वाटतो. तो आकडा आहे. बंगल्याचा नंबर लिहिलेली चिठ्ठी, बंगला नव्हे.

आता ७०० वर नवा मेंबर आला आणि त्याला प्रेसिडेंटच्या लगेच नंतर बसवायचाय. दोन ओळींचं काम. बरोबर क्रम असा: आधी ७०० च्या कप्प्यात १०० च्या कप्प्यातलं लिहा, म्हणजे ५००. मग १०० च्या कप्प्यात ७०० लिहा. डिस्प्ले केलं तर १००, ७००, ५००, ३००. मस्त.

आता याच दोन ओळी उलट्या करा आणि वहीतच खोडून लिहा. आधी १०० च्या कप्प्यातलं ५०० खोडलं, ७०० लिहिलं. मग दुसरी ओळ म्हणते ७०० च्या कप्प्यात १०० च्या कप्प्यातलं लिहा. तिथं आत्ता काय आहे? ७००! म्हणजे ७०० च्या कप्प्यात ७००. डिस्प्ले करा: १००, ७००, ७००, ७००, ७००... स्क्रीन धावत सुटते, कंट्रोल-सी दाबल्याशिवाय थांबत नाही. आणि ५०० चा पत्ता कुठं लिहिलाय आता? कुठंच नाही. मेंबर आणि सेक्रेटरी मेमरीत जिवंत आहेत पण त्यांच्यापर्यंत जायची चिठ्ठीच हरवली. यालाच मेमरी लीक म्हणतात, आणि व्याख्या पाठ करून हे कधीच कळलं नसतं मला.

आता माझी ओरलची चूक तुम्हीच शोधा. मी १०० फ्री केलं, पण हेडच्या डब्यात १०० च राहिलं. रिकाम्या केलेल्या घराचा पत्ता खिशात, आणि डिस्प्ले तिथं जाऊन बेल वाजवतोय. आधी हेडमध्ये ५०० टाकायला हवं होतं, मग जुनं घर पाडायचं. सेक्रेटरीला काढताना उलटा त्रास, शेवटच्याच्या आधीच्यापाशी थांबावं लागतं कारण मागे जायची सोय नाही. आणि क्लबमध्ये एकच माणूस असेल तर? आणि शून्य असतील तर? हे चार प्रश्न एक्स्टर्नल लोक वर्षानुवर्षं विचारतात, नवीन प्रश्न काढायला त्यांनाही कंटाळा येतो.

पायरी ४: प्रत्येक असाइनमेंट आधी कागदावर चालवा

याला ड्राय रन म्हणतात आणि जर्नलमध्ये सगळे लिहितात, करत कोणी नाही. पद्धत सोपी आहे. छोटा इनपुट घ्या, पाच आकडे पुरे. व्हेरिएबलची नावं वर लिहा, खाली प्रत्येक ओळीनंतर किमती बदलत जा, जुनी खोडा, नवी लिहा. कॉम्प्युटर तुम्ही, स्वतःचं डोकं चालवायचं नाही, जे लिहिलंय तेच करायचं, 'इथं असं होणार' असं म्हणून ओळ सोडायची नाही.

पिझ्झा पार्लरवाला सर्क्युलर क्यू (शेवटच्या डब्यावरून परत पहिल्याकडं वळणारी रांग) घ्या. जास्तीत जास्त एम ऑर्डर, आधी आलेल्याला आधी. एम म्हणजे ५ घ्या आणि 'रिअर अधिक एक भागिले पाचची बाकी बरोबर फ्रंट झाली तर फुल' ही पुस्तकातली अट, दोन्ही शून्यापासून सुरू करून, कागदावर चालवा. चारच ऑर्डर बसतात! पाचवा डबा कायम रिकामा. कारण तो पण भरला तर फुल आणि रिकामं दोन्ही सारखंच दिसतं. पाचही भरायचे असतील तर वेगळा काउंट ठेवा. कॉपी केलेल्या कोडवाल्याला हे माहीत नसतं आणि एक्स्टर्नलने पाचवी ऑर्डर टाकायला सांगितली की बघत बसतो.

दुसऱ्या सेमला हॅशिंगचं (नंबरावरूनच ठेवायची जागा काढायची) टेलिफोन बुक येतं. तिथं डब्यांचं टेबल १० चं घ्या आणि शेवटचा अंक हीच जागा. २३ गेला तिसऱ्या डब्यात, ४३ आला, तीन भरलेला, म्हणून चौथ्यात, १३ आला, तीन भरलेला, चार भरलेला, पाचव्यात. आता ४३ डिलीट करा, चौथा रिकामा करून टाका. मग १३ शोधा. तीन बघितला, नाही, चार बघितला, रिकामा, म्हणजे 'सापडला नाही'. अरे पण आहे की पाचव्यात! म्हणून काढलेल्या जागी 'इथं कोणीतरी होतं' अशी खूण ठेवावी लागते. आणि हो, मोबाईल नंबरचा पहिला अंक घेऊन हॅश करू नका, आपले सगळे नंबर ६, ७, ८ नाहीतर ९ ने सुरू होतात, सगळी गर्दी चार डब्यांत.

रिकर्शनला (फंक्शनने स्वतःलाच बोलावणं) पण हेच, फक्त डबे एकावर एक रचायचे. प्रत्येक कॉल म्हणजे नवा डबा, परत आला की वरचा काढून टाका. फिबोनाची ५ साठी पूर्ण झाड काढा, फार नाही, पंधरा कॉल होतात. मग ४० साठी रन करून बघा आणि कॉल मोजायला एक ग्लोबल काउंटर लावा. आकडा येतो ३३११६०२८१. तेहतीस कोटी! आमच्या लॅबमध्ये तेव्हापासून त्या फंक्शनला देवघर म्हणायचे. त्यानंतर उत्तरं एका ॲरेत साठवून तोच प्रोग्राम लिहा आणि फरक बघा, टाइम कॉम्प्लेक्सिटी (इनपुट वाढला की वेळ किती वाढतो) का शिकवतात ते पोटात उतरतं. बिग ओची (ती लिहायची खूण) व्याख्या त्यानंतर वाचा, आधी नको.

मराठीची एक गंमत, सिलॅबसबाहेरची

पायथनमध्ये पॅलिन्ड्रोम तपासायचा असाइनमेंट असतो. सगळे इंग्लिश शब्द टाकतात. मी टाकलं 'रामाला भाला मारा'. लहानपणापासून माहितीये की हे उलटं वाचलं तरी तेच. स्पेस काढून दिलं तरी प्रोग्राम म्हणतो नाही! डबे काढले तेव्हा कळलं. आपल्यासाठी 'रा' एक अक्षर, युनिकोडसाठी (अक्षरांना नंबर देणारी पद्धत) 'र' एक डबा आणि काना दुसरा डबा. उलटं केलं की काना आधी येतो. सात अक्षरं आपली, पायथन मोजतो चौदा, आणि सीमध्ये स्ट्रलेन (लांबी मोजणारं फंक्शन) लावलं तर बेचाळीस, कारण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक डबा तीन बाइटचा. 'मराठी' हा शब्दच बघा, आपल्याला तीन अक्षरं, पायथनला ५, सीला १५. आता 'रामाला भाला मारा' ला हो म्हणणारा प्रोग्राम लिहून बघा, मात्रा आधीच्या अक्षराला चिकटवून मग उलटं करायचं. मार्क मिळत नाहीत याचे, पण मॅडम खुश झाल्या होत्या.

पायरी ५: एररला घाबरायचं नाही, वाचायचं

दहा ओळी लिहिल्या की कंपाइल. शंभर ओळी लिहून एकदम कंपाइल केलं की ४७ एरर येतात आणि माणूस लॅपटॉप बंद करून चहाला जातो. एररमध्ये नेहमी पहिली वाचा, शेवटची नाही, कारण एक अर्धविराम विसरला की खालच्या वीस एरर त्याच्याच पिल्लावळी असतात. टर्मिनलमध्ये वर स्क्रोल करायचा आळस करतात लोक.

जीसीसीला सगळ्या वॉर्निंग दाखवायला सांगा आणि डीबगची माहिती ठेवायला सांगा, दोन छोटे ऑप्शन आहेत, मॅन्युअल पेज बघा. ॲड्रेस सॅनिटायझर म्हणून अजून एक ऑप्शन आहे, तो लावला असता तर माझा प्रेसिडेंटवाला घोळ ओळ नंबरासकट घरीच कळला असता: फ्री केल्यानंतर वापरलंय, अमुक ओळीवर फ्री केलंय, तमुक ओळीवर वापरलंय. हे मला टीईमध्ये (थर्ड इयरला) कळलं, तुम्हाला आत्ता सांगतोय. जीडीबी (प्रोग्राम थांबवून आत बघायचं साधन) पण शिका, चारच कमांड लागतात रोज, ब्रेक, नेक्स्ट, प्रिंट, बॅकट्रेस.

चॅटजीपीटीचं विचाराल. वापरा ना, कोण नाही वापरत. पण क्रम असा ठेवा: आधी स्वतः अर्धा तास, मग एरर देऊन 'का' विचारा, 'लिहून दे' नाही. लिहून घेतलेला कोड आणि माझा पेनड्राइव्हवाला कोड यात काय फरक? दोन्ही ओरलला तोंड उघडत नाहीत. प्रॅक्टिकलच्या दिवशी नेट बंद असतं हे वेगळंच.

पायरी ६: जर्नल, सही, गिट

राइट-अप दर आठवड्याला, प्रॅक्टिकल झाल्या त्याच रात्री. सबमिशनच्या आदल्या रात्री आख्खं जर्नल उतरवणारी हॉस्टेलची जत्रा बघायला मजा येते, त्यात असायला नाही. थिअरी कमी लिहा, स्वतःच्या डब्यांचं चित्र आणि तीन टेस्ट केस लिहा, त्यातली एक रिकाम्या यादीची. सही लगेच घ्या. अटेंडन्स ७५ टक्क्यांखाली गेली की डिफॉल्टर लिस्टला नाव लागतं आणि मग सहीसाठी फिरणं वेगळं, पालकांना फोन वेगळा.

कोड गिटमध्ये (कोडमधले बदल जपून ठेवणारं सॉफ्टवेअर) ठेवा. पहिल्या दिवशी फक्त ॲड, कमिट, पुश एवढंच शिका, ब्रँचिंग वगैरे मिनी प्रोजेक्टला बघू. लायनस टॉर्व्हाल्ड्सने २००५ मध्ये ते लिनक्स कर्नलसाठी केलं, म्हणजे तुमच्या पिझ्झा पार्लरला नक्की पुरेल. निदान लॅबच्या पीसीतला व्हायरस पेनड्राइव्हवरून घरी तरी येणार नाही.

पायरी ७: बाकीचे विषय, थोडक्यात

डिस्क्रीट मॅथ: पाठ करू नका, इंडक्शन मनापासून करा, कारण ती रिकर्शनचीच थोरली बहीण आहे. डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स: के-मॅप स्कोअरिंग आहे, लॅबमध्ये मात्र आयसीची पिन सात ग्राउंड आणि चौदा व्हीसीसी असंच सगळीकडं असेल हे गृहीत धरू नका, ७४९० काउंटरची पाच व्हीसीसी आणि दहा ग्राउंड आहे, बॅचमध्ये दरवर्षी कोणीतरी ते उलटं जोडतं.

मायक्रोप्रोसेसरला ८०३८६ शिकवतात, १९८५ ची चिप, म्हणून पोरं नाक मुरडतात. पण लॅबमध्ये असेंब्ली लिहाल तेव्हा तुमचे सगळे डबे खरे झालेले दिसतील, रजिस्टर म्हणजे डबा, स्टॅक म्हणजे रचलेले डबे, पॉइंटर म्हणजे खरंच आकडा. मला तर वाटतं हे डेटा स्ट्रक्चरच्या आधी शिकवायला पाहिजे, असो.

एम-थ्री: डिप्लोमावाल्यांनो, खास तुमच्यासाठी. तुम्ही सी आणि डेटा स्ट्रक्चर डिप्लोमात बघितलेलं असतं, त्यात तुम्ही बाकीच्यांच्या पुढं आहात, घाबरू नका. पण फर्स्ट इयरचं एम-वन एम-टू तुमचं झालेलं नसतं आणि एम-थ्री ते आलंच आहे असं धरून सुरू होतं. म्हणून पहिल्या सेममध्येच, कोणी सांगायची वाट न बघता, इंटिग्रेशन आणि डिफरन्शियल इक्वेशन काढून बसा, रोज दोन गणितं. वर्गातल्या एखाद्या फर्स्ट इयरहून आलेल्याला पकडा, तो तुम्हाला एम-थ्री शिकवेल, तुम्ही त्याला पॉइंटर. माझा आणि त्या रूममेटचा हाच सौदा होता, दोघांची केटी (नापास झालेला विषय परत देणं) वाचली.

टीईला डीबीएमएस (डेटाबेसचा विषय) येतं, तिथं जॉइन हातानं टेबल काढून करा आणि नल बरोबर नल हे खरं येत नाही एवढं लक्षात ठेवा. एसपीओएसमध्ये (सिस्टम्स प्रोग्रामिंग अँड ऑपरेटिंग सिस्टम) टू-पास असेंबलर असतो, तोही वहीतच सुटतो: सिम्बॉल टेबल, लिटरल टेबल, पूल टेबल असे तीन तक्ते आणि लोकेशन काउंटर, ओळीओळीने. ज्यांनी एसईला ड्राय रन केलेत त्यांना तो एका बैठकीत जमतो, बाकीच्यांना परत पेनड्राइव्ह शोधावा लागतो. टीओसीबद्दल (थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन) एकच, डीएफए (स्ट्रिंग चालते की नाही ते सांगणारी आकृती) काढला की त्यातून रिकामी स्ट्रिंग पण चालवून बघा.

लीटकोड (कोडिंगचे प्रश्न सोडवायची साईट) एसईच्या दिवाळीपर्यंत उघडू नका. हे माझं मत, बरेच जण भांडतील. आधी लिंक्ड लिस्ट न बघता लिहिता येऊ दे, मग प्रश्न सोडवा.

पायरी ८: इन्सेम, एन्डसेम

आमच्या पॅटर्नला इन्सेम (सेमिस्टरच्या मधली परीक्षा) ३० ची, पहिले दोन युनिट, एक तास. एन्डसेम ७० ची, उरलेले चार युनिट, अडीच तास. प्रश्न जोडीने येतात, एक किंवा दोन, तीन किंवा चार, म्हणजे एका युनिटमधला एकच सोडवायचा. म्हणून युनिट ऑप्शनला टाकता येत नाही, पण युनिटमधला अर्धा भाग पक्का करता येतो. मागच्या चार-पाच वर्षांचे पेपर काढा आणि प्रत्येक युनिटखाली प्रश्न लिहीत जा, दोन तासांत दिसतं की तेच तेच फिरतंय. उत्तरात अल्गोरिदम लिहिला की खाली छोटं उदाहरण चालवून दाखवा, टप्प्याटप्प्याने, टेबल करून. पेपर तपासणाऱ्याला अडीच पानांचा निबंध नको असतो, एव्हीएल ट्रीचं रोटेशन आधी आणि नंतर असं दोन चित्रांत दिसलं की मार्क देऊन तो पुढं जातो.

पायरी ९: प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी

नवीन काही वाचू नका. जर्नलच्या पहिल्या पानावरची ती यादी काढा. प्रत्येक असाइनमेंटला कोरा कागद घ्या आणि फक्त मुख्य फंक्शन न बघता लिहा, इन्सर्ट, डिलीट, एनक्यू, सर्च. अडलं तिथं गोल करा, फक्त तेवढंच परत बघा. मग प्रत्येक प्रोग्रामला स्वतःच तीन वाकडे प्रश्न विचारा: रिकामं असेल तर? एकच असेल तर? पहिला किंवा शेवटचा काढला तर?

दुसऱ्या दिवशी आयकार्ड, जर्नल, दोन पेन, आणि रफ कागद. चिठ्ठी उचलली, प्रॉब्लेम स्टेटमेंट आलं की कीबोर्डला हात लावू नका, पहिली दहा मिनिटं कागदावर. शेजारचा टाईप करायला लागलेला असेल, लागू दे. प्रोग्राम पूर्ण चालला नाही तरी डब्यांचा कागद फेकू नका, एक्स्टर्नलसमोर ठेवा आणि कुठं अडलंय ते बोटाने दाखवा. सेकंड सेमला माझं हॅशिंगचं डिलीट शेवटपर्यंत चाललं नव्हतं, कागद बघून मॅडमनी विचारलं इथं रिकामं का नाही केलंस, मी १३ ची गोष्ट सांगितली, त्या म्हणाल्या पुरे, जा.